एकतिसावा गोळा

मित्रा,

तुझ्या जलदान विधीला मुत्तू आला होता. दोन दिवस गाडीत बसून मलकापूरला उतरला, आणि तिथून बस बदलत देऊळघाटला पोचला. तुझी पाठीवरची पिशवी त्यानं पोटाशी धरून आणली होती, जणू त्यात काही सांडेल. बुद्धवंदना झाली, चार लोक तुझ्याबद्दल बोलले, आणि मग कोणीतरी त्यालाही म्हटलं, तुम्ही इतकी वर्षं सोबत जंगलात होता, दोन शब्द बोला. तो उभा राहिला. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, मित्रा मॅडम झाडाखाली आठ-आठ तास उभी राहायची, जेवण विसरायची. मग मंडपात मला शोधून त्यानं माझ्याकडं हात केला.

"मॅडम हमको बोलती थी, मेरा भाभी ने खेत में जहर रखा था. फिर वही भाभी ने सब उठाया. एक-एक उठाया. एक भी नहीं छोडा. जो भी नया काम पे आता था, मॅडम उसको ये किस्सा जरूर बोलती थी."

सगळी मंडळी माझ्याकडं वळून पाहू लागली. शेजारच्या म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तुझे दादा माझ्याकडं पाहात होते, डोळे भरलेले. मी खाली मान घालून बसले. लोकांना वाटलं, मी रडते आहे.

मित्रा, मी सगळे उचलले नव्हते.

हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. तू असताना तोंडातून निघालं नाही. आता वाचायला तू नाहीस, तरी तुलाच लिहिते आहे, कारण ते सगळ्यात आधी ऐकायचा हक्क तुझा होता, असं अजून वाटतं.

मी तुझ्या दादांशी लग्न करून या घरात आले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. दोन वेण्या, गुडघे खरचटलेले. कोणाशी धड बोलणं नाही. पहिल्याच आठवड्यात आईंनी मला तुला शोधायला पाठवलं, तर तू शाळेमागच्या चिंचेखाली वही घेऊन बसलेली. वर वानरांचा कळप. मी विचारलं, काय लिहून राह्यली? तर म्हणालीस, "कोन कोनाच्या उवा काढते, ते." मी हसले. तू हसली नाहीस. बोट दाखवून एकेकीची ओळख करून दिलीस. ही कानफाटी, ही तिची पोर, हा हुप्प्या नवीन आला, आधीच्याला यानं हाकललं. मला तर सगळी सारखीच दिसत होती. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची, आमच्या माहेरी वडनेर भोलजीलाही असायची तशी.

तू अमरावतीला शिकलीस आणि एक दिवस सांगितलंस, की पार दक्षिणेत, केरळ आणि तमिळनाडूच्या मधल्या डोंगरांत माकडांचा अभ्यास करायला जायचं आहे. आई तीन दिवस जेवल्या नाहीत. "पोरीच्या जातीनं जंगलात वांदरामागं फिरावं काय?" तुला शेवटपर्यंत वाटत राहिलं की दादांनी त्यांची समजूत घातली. दादांनी नाही. चौथ्या दिवशी मी ताट घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "जाऊ द्या तिले. मले कोनी जाऊ देलं नाही, निदान तिले त जाऊ द्या." त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि घास उचलला. हे तुला सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तर तू माझे उपकार मानत बसली असतीस, म्हणून नाही सांगितलं.

मग तुझे फोन यायला लागले. डोंगरावर एकाच खडकावर रेंज असते म्हणायचीस, आणि त्या खडकावरून तू मला ते माकड दाखवायचीस. सिंहपुच्छ. अंगानं काळंभोर, तोंडाभोवती पांढरट आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला आयाळ नसते, तोंड गुलाबी असतं, आईच्या पोटाला काळ्या फडक्यासारखं चिकटून असतं. जन्म वर, झोप वर, खाणं वर. पाणीसुद्धा झाडाच्या ढोलीतलं आणि पानांवरचं. जमिनीवर यायचं काम त्याला फारसं पडतच नाही. गालात पिशव्या असतात, त्यात फळं कोंबून घ्यायची आणि निवांत जागी जाऊन खायची. काटेरी सुरवंट सापडला तर पानात घासून, त्याचे केस काढून मग तोंडात टाकायचा. मी इकडं भाकऱ्या थापत ऐकायचे. एकदा मी म्हटलं, "तुह्या माकडाले सैपाक येते म्हन की." तू इतकी हसलीस की रेंजच गेली.

आई गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी दादा आणि मी तुझ्याकडं आलो. तिथं उतरल्यापासून मी घाबरलेली होते, हे तुला कळलं असेल. आपल्याकडचं जंगल म्हणजे साग, सालई, अंजन. उन्हाळ्यात इकडून तिकडचं दिसतं. तिथं दिवसा दहा वाजता अंधार. झाडाच्या बुंध्याला चार माणसांची कव पुरेना, आणि वर पाहिलं तर आभाळच नाही. सगळीकडून थेंब पडतात, पाऊस नसला तरी. जळवा पायावर चढतात ते कळतसुद्धा नाही. तू मोज्यांना तंबाखू चोळायला दिलीस. दादा म्हणाले, "पोरगी इथं कशी राह्यते?" मुत्तू पुढं चालत होता, त्यानं एकदम हात वर केला. आम्ही थांबलो. कुठून तरी लांबून, खोल, हुप्प्यासारखाच पण त्याहून जड आवाज आला. तू माझा हात धरलास. इतकी वर्षं रोज ऐकूनही तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखी वर पाहात होतीस.

त्या दिवशी दुपारी रस्त्यावर जे झालं ते मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही.

त्या डोंगरावर जंगल सलग नाही, हे मला तिथं गेल्यावर समजलं. मध्ये चहाचे मळे, मग जंगलाचा एक तुकडा, परत मळा. तुझा कळप अशा एका तुकड्यात अडकलेला, आणि त्या तुकड्याच्या मधून डांबरी रस्ता. रस्त्याच्या दोन्ही बाजूची झाडं तोडली म्हणून वरच्या फांद्या एकमेकींना भिडत नाहीत. जन्मभर वर राहणाऱ्या जिवाला रस्ता ओलांडायला खाली उतरावं लागतं. तुम्ही आगीच्या बंबाचे जुने पाइप विणून दोन झाडांमध्ये पूल टांगला होता, पण तो कळप तेव्हा त्याच्यावर पाय ठेवत नव्हता. मागच्या महिन्यात एक मादी गाडीखाली गेली, असं तू जेवताना सांगितलंस आणि ताट बाजूला सारलंस.

कळप रस्त्याच्या कडेला उतरला तेव्हा तू आम्हाला मागं उभं केलंस. मोठा नर आधी गेला. मग दोन माद्या. मग एक पिलूवाली. रस्त्याच्या मध्यावर एक अर्धवट वयाचं माकड थबकलं, आणि वळणावरून बसचा हॉर्न आला. उतारावरून येणारी बस. मी "मित्रा" म्हणेपर्यंत तू रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी होतीस.

बस थांबेल की नाही, हे मला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. ब्रेकचा कर्कश आवाज आणि जळक्या रबराचा वास. बस तुझ्यापासून पाच-सहा पावलांवर उभी राहिली. ड्रायव्हर खिडकीतून तुला ओरडत होता, मागून दुसऱ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि ते माकड घाबरून तिथंच बसलेलं. तू हलली नाहीस. मला भाषा कळत नव्हती, पण तो काय म्हणत असेल ते कळत होतं. तुझे दादा म्हणाले, "वेडी झाली हे." आणि मी, मित्रा, मी कशी गेले ते मला माहीत नाही, पण मी चालत गेले आणि तुझ्या बाजूला उभी राहिले. पदर खोचलेला, पायात जळवा, आणि आपण दोघी बससमोर. तू माझ्याकडं न पाहता म्हणालीस, "वहिनी, हलू नको." मी हलले नाही. ते पोर उठलं, चार उड्यांत पलीकडं गेलं, आणि पलीकडच्या मादीनं त्याला ओढून वर घेतलं.

माझ्या आयुष्यात मी इतकी कोणाच्या बाजूला उभी राहिले नव्हते. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले.

पण त्याच रात्री जेवताना आपलं भांडण झालं, आणि ते आजवर मिटलेलं नाही. मी म्हटलं, तुह्या माकडाचं ठीक हाये, ते जगात इथंच उरलं, त्याले जपलंच पायजे. पण आमची वानरं त्याच्यासारखी नाहीत. ती माझा हरभरा खातात, टमाटे खाण्यापेक्षा तोडून जास्त फेकतात. तुह्या कॅमेऱ्यातलं माकड माह्या वावरात येऊन पाहात नाही. तू म्हणालीस, "वहिनी, पहिले सगळीच माकडं सगळीकडे होती. कमी झाली का मंगच आपल्याले ती देखनी दिसतात." मी म्हटलं, "तू पगारावर बोलून राह्यली, मी वावरावर." ते बोलणं तुला लागलं, हे मला दिसलं, आणि मी ते मागं घेतलं नाही.

आता त्या सकाळबद्दल.

तू दर हिवाळ्यात यायचीस तशी आली होतीस. तुला त्या आठवड्यात घरात पाय टिकत नव्हता, रोज सकाळी दुर्बीण घेऊन नाल्याकडं. आपला कळप नाल्याच्या करंजावर झोपतो, उन्ह पडलं की उतरतो. हरभऱ्याला घाटे धरले होते. त्याआधी वाटाणा पूर्ण गेला होता. मी रोज राखायला जात होते, पण घर, स्वयंपाक, बुलढाण्याला भाजी पोचवणं, सगळं सांभाळून किती जाणार? कोणी सांगितलं ते नाव घेत नाही, पण पिठाच्या गोळ्यात फवारणीचं औषध घालून ठेवलं की कळप परत फिरकत नाही, असं मी ऐकलं होतं. मी एकतीस गोळे केले. मोजून. कोंबडी, कुत्रा कोणी खाऊ नये म्हणून कुठं कुठं ठेवायचे ते ठरवलं आणि तांबडं फुटताना वावरात ठेवून आले.

तू मला विहिरीवर हात धुताना गाठलंस. तीन-तीनदा साबण लावत होते. तू जवळ आलीस, थांबलीस आणि वास घेतलास.

"वहिनी, काय ठेवलं तू?"

मी परत साबण उचलला.

"वहिनी. वावरात काय ठेवलं?"

मी सांगितलं. मला वाटलं तू ओरडशील. तू ओरडली नाहीस. नाल्याकडं पाहिलंस, आभाळाकडं पाहिलंस, आणि बसला अडवलं होतंस त्याच आवाजात विचारलंस, "किती?"

"एकतीस."

"पक्कं?"

"पक्कं. मीच केले न."

"चाल. उन्ह यायला एक घंटा हाये."

तू डबा घेतलास. आपण ओळीनं निघालो, तू डाव्या बाजूनं, मी उजव्या. हरभऱ्याची झाडं गुडघ्याएवढीही नसतात, पण खाली पिठाचा गोळा शोधायचा म्हणजे प्रत्येक झाड हातानं बाजूला करावं लागतं. दव होतं, हात भिजून थंड पडले. तू मोठ्यानं मोजत होतीस. अकरा. बारा. मध्येच एक गोळा मुंग्यांनी भरलेला निघाला, तू मुंग्यांसकट उचललास. अठरा. तुला मी रडताना फार कमी पाहिलंय, पण त्या दिवशी तुझं नाक वाहात होतं आणि तू बाहीनं पुसत पुढं सरकत होतीस. चोवीस. सत्तावीस. करंजाच्या शेंड्याला ऊन लागलं. वरून एक शेपटी खाली लोंबली. तू डबा माझ्या हातात दिलास आणि नाल्याच्या बांधाकडं पळालीस, त्यांना अडवायला. तुझ्या टाळ्यांचा आणि ओरडण्याचा आवाज येत होता, आणि मी गुडघ्यावर रांगत होते. अठ्ठावीस, एकोणतीस. तिसावा तुरीच्या बुंध्याशी.

एकतिसावा नव्हता.

मला जागा आठवत होती. तुरीच्या ओळीच्या शेवटी, दगडाजवळ. दगड होता, गोळा नव्हता. घुशीनं नेला असेल, पक्ष्यानं उचलला असेल. मी दगड उलटा केला, बाजूची माती उकरली. तुझा आवाज बसत चालला होता. हुप्प्या बांधावर येऊन तुझ्यावर दात काढत होता, आणि तू एकटी हात पसरून उभी. तेवढ्यात शेजारच्या वावरातून गजाननभाऊ सायकल हातात धरून आले आणि म्हणाले, "काय हारपलं वो वहिनी? येऊ काय पाह्याले?"

त्यांना काय सांगणार होते मी? की मी विष पेरलं आणि आता रांगत वेचते आहे? आणि तिकडून तू ओरडलीस, "वहिनी, सापडला काय?"

मी म्हटलं, "हाव. सापडला."

बस, एवढंच. तू हात खाली केलेस. तिथंच बांधावर बसलीस आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडलीस. मी आले तर माझ्या कमरेला मिठी मारलीस. म्हणालीस, "मले वाटलं, आपल्याच्यानं नाही होत." कळप तुझ्या बाजूनं वावरात उतरला आणि खायला लागला. तू दुर्बीण लावलीस, मला दाखवायला लागलीस. ही कानफाटीची नात. ही पिलूवाली, तिचं पिलू बघ दुसरीनं घेतलं. सिंहपुच्छाच्या माद्या आपलं पिलू असं सहजी देत नाहीत, पण आपल्या या देतात, एकीचं दुसरी सांभाळते, आईला तेवढंच खायला मोकळं. तू बोलत होतीस आणि मी एकेका हाताकडं पाहात होते. प्रत्येक वेळी कोणी खाली वाकून काही उचललं की ते काय आहे हे दिसेपर्यंत मी पापणी लववत नव्हते. दोन तास. तू म्हणालीस, "वहिनी, पहिल्यांदा तू इतकं ध्यान देऊन पाहून राह्यली." मित्रा, त्या दोन तासांत तुला खरं सांगायला मला पन्नास वेळा जागा होती.

काहीच झालं नाही. कळप खाऊन गेला. तू जाईपर्यंत मी रोज त्या दगडाजवळ जाऊन शोधत राहिले, काही सापडलं नाही. मी स्वतःला समजावलं की तो मातीत गेला.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी करंजाखाली एक मादी पडलेली होती. तोंडाला फेस वाळलेला. वर कळप बसला होता, एकही आवाज न करता. तिचं पिलू दुसऱ्या मादीच्या पोटाशी होतं. मी ओळखायचा प्रयत्न केला की तू दाखवली होतीस तीच ही का. नाही ओळखता आलं. मी घरून फावडं आणलं, बांधाच्या टोकाला, बोरीच्या बाजूला खड्डा केला आणि तिला पुरलं. जड होती. मी एकटीनंच ओढत नेली. संध्याकाळी तुझा फोन आला. "कळप ठीक हाये नं?" मी म्हटलं, "हाव, ठीक हाये." हे दुसऱ्यांदा.

त्यानंतर मी विषाला हात लावला नाही. रोज थाळी-काठी घेऊन राखायला बसते. तू दादांना कौतुकानं सांगायचीस, वहिनी बदलली. तुला वाटायचं तुझ्यामुळं. तुझ्यामुळंच, पण तुला वाटायचं तसं नाही.

तू या वेळी ताप घेऊनच आलीस. जंगलात आठ दिवस अंगावर काढलास. बुलढाण्याला दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी काही कसर ठेवली नाही. चौथ्या दिवशी दुपारी तुला जरा बरं वाटलं. दादा औषधं आणायला खाली गेले होते. तू म्हणालीस, "मुत्तूले विचार, त्या पोटुशा मादीचं काय झालं. पाइपाच्या पुलावरून जाते आता ती." इतका आनंद होता तुझ्या चेहऱ्यावर. मी तुझा हात हातात घेतला आणि म्हटलं, "मित्रा, मले तुले एक सांगायचं हाये. तो हरभऱ्यातला..." तू डोळे मिटलेस. मला वाटलं, ऐकते आहेस. मग तुझा श्वास संथ झाला, तू झोपली होतीस. मी म्हटलं, झोपू दे. उद्या सांगू.

उद्या आला, पण तू शुद्धीवर आली नाहीस.

मुत्तू परत गेला. विधीनंतर चौथ्या दिवशी गजाननभाऊ आणि बांधाला बांध लागलेले आणखी तिघं ओसरीवर येऊन बसले. मला वाटलं, सांत्वनाला आले. चहा झाला. मग गजाननभाऊ म्हणाले, "वहिनी, मक्याचं वाटोळं करून राह्यले वांदरं. त्या दिवशी तो पावना बोलला मंडपात. तुमी त्या वक्ताले काय केलं होतं, तेवढं सांगा. कोनतं औषध, कसं कालवलं."

मी रिकामे कप गोळा करू लागले. ते पुढं म्हणाले, "आमच्यानं होत नाही. आमच्यात मारोती मानतात, पाप लागते. तुमच्यात त तसं काई नाही. तुमीच करून द्या."

तुझे दादा उठून उभे राहिले. मी त्यांना हातानं खाली बसवलं. मीही बसूनच बोलले.

"भाऊ, जे पाप तुमाले लागते ते मले लागत नाही, असं कोनं सांगतलं तुमाले?"

मग मी सगळं सांगितलं. एकतीस. तीस. दगड. "सापडला" म्हणून मारलेली हाक, त्यांची सायकल. करंजाखालची मादी, फेस, पिलू. फावडं. तुझा फोन. दवाखाना. थांबले नाही, कारण थांबले असते तर परत बोलता आलं नसतं. गजाननभाऊंनी मान खाली घातली. तुझे दादा भिंतीकडं तोंड करून बसले होते. शेवटी गजाननभाऊंनी विचारलं, "मंग आमी मक्याचं काय करावं?" मी म्हटलं, "राखन. सकाळी उन्ह पडल्यावर दोन घंटे, अन् सांजी दोन. भर दुपारी ते झाडावरून हालत नाहीत. मित्रानं लिहून ठेवलं हाये. पाळी लावू, मी पहिली बसीन." दोघं हो म्हणाले. एक काही न बोलता निघून गेला. तो काय करेल, मला माहीत नाही, आणि त्याची मला भीती आहे. गजाननभाऊ म्हणाले, "पाहू." पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्यांच्या बांधावर उभे होते, हातात काठी.

तुझे दादा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. वाढलेलं जेवले, उठून गेले. 

आज सकाळी मी राखायला निघाले तर चपला घालून मागं आले. कळप अजून करंजावर होता. मग म्हणाले, "जागा दाखव."

मी त्यांना बोरीजवळ नेलं. माती खचली आहे तिथं, वर गवत आलंय. त्यांनी खाली बसून ते गवत हातानं बाजूला केलं. दोन वर्षं माझ्यासोबत त्या बांधावरून कितीदा चालले असतील. मग त्यांनी विचारलं, "तिचं पिलू जगलं का?"

मला सांगता आलं नाही, मित्रा. या घरात तो कळप एकेक करून ओळखणारी तू एकटीच होतीस. मी तुला सांगितलं असतं, तर पुढच्या हिवाळ्यात तू करंजाखाली उभी राहून, वर पाहून मला सांगितलं असतंस.